सात कान

“सर, मंजुळाबाई गोड आहेत हो. पण त्यांच्यासोबत मला नोकरी नाही करता येणार.”

बुधवारी दुपारी रंजनाताई भुयारांचा फोन आला, तेव्हा मी ताटावर बसलो होतो. हातातला घास तसाच राहिला. मंजुळाबाई म्हणजे कोणी बाई नव्हेत, संगणकातला आवाज. शनिवारी अमरावतीच्या टाउन हॉलमध्ये, पाहुण्यांच्या हस्ते, नारळ फोडून त्या आवाजाचं प्रकाशन व्हायचं होतं. पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या आणि पत्रिकेवर माझं नाव होतं, प्रा. विलास काळमेघ, ‘कानगोष्ट’चे जनक. ‘जनक’ हा शब्द मी खोडायला सांगितला होता, पण फार जोर लावून नव्हे.

‘कानगोष्ट’ हे मी केलेलं सॉफ्टवेअर. संगणकाच्या पडद्यावरचं मराठी ते मोठ्यानं वाचून दाखवतं, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना कानांनी काम करता येतं. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचो आणि रविवारी हे करायचो. अशी नऊ वर्षं गेली. ते मी पहिल्यापासून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं होतं. कुणीही घ्यावं, उघडून आत पाहावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. त्यातला मूळ आवाज मीच गणितं करून बनवला होता. तो इतका कोरडा आणि खडखडीत होता, की पहिल्याच वर्षी कुणीतरी त्याला ‘मास्तर’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. सर्दी झालेला, पगार न झालेला मास्तर. त्याच्यात प्रेम नव्हतं, पण उच्चार लख्ख होते.

आमच्याकडे एक नियमही होता, आणि तो मीच लिहिलेला. अमरावती, यवतमाळ, अकोला, रत्नागिरी अशा ठिकठिकाणचे सात जण, सातही दृष्टिहीन, नवी आवृत्ती आधी वापरून पाहायचे. सातही जणांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय ती बाहेर पडायची नाही. त्यांना आम्ही ‘सात कान’ म्हणायचो. त्यात वकिलीचा विद्यार्थी होता, तबला शिकवणारे गुरुजी होते, आणि रंजनाताई होत्या. रंजनाताई म्हणजे सातांतला सर्वांत तिखट कान. माझ्या नऊ वर्षांतल्या निम्म्या चुका त्यांनी पकडल्या आणि पकडल्यावर प्रत्येक वेळी त्यांना आनंद झालेला मी ऐकला आहे.

“पण ताई, तुम्ही तर छान म्हणाला होता,” मी म्हणालो. “जूनमध्ये सगळ्यांना मंजुळेचा आवाज पाठवला होता ना मी. तुम्ही म्हणालात, कान निवले.”

“तुम्ही मोबाइलवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, सर. त्यात मंजुळाबाई पावसाचं वर्णन करून राहिल्या होत्या. पावसाला काय घाई असते? आज मी ते कामाच्या मशीनवर लावलं. माझ्या वेगानं.”

त्या काय सांगणार ते मला ठाऊक होतं. खरं तर ते मला जूनमध्येही ठाऊक होतं.

रंजनाताई वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात बसायच्या. त्या आणि आणखी तिघी दृष्टिहीन मुली, चौघींना सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं, आणि दोन महिने उरले होते. काम असं, की एका कानात फोनवरचा माणूस आणि दुसऱ्या कानात मास्तर. माणूस ओरडत असताना मास्तर त्याचा ग्राहक क्रमांक, पत्ता, जुन्या तक्रारी सगळं वाचून दाखवायचा. प्रत्येक फोन तीन मिनिटांत उरकायचा. त्यासाठी या मुली मास्तरांना माणूस बोलतो त्याच्या चौपट वेगानं बोलायला लावत. मी स्वतः ते कधी ऐकलं की मला फक्त मधमाश्यांचं पोळं ऐकू यायचं.

“मंजुळाबाईंना तेवढं पळवलं की त्यांचा पाक होतो,” रंजनाताई म्हणाल्या. “सात आणि साठ एकच ऐकू येतं. ठीक आहे, आम्ही मास्तरच वापरू. तेच सांगायला फोन केला. तेवढं नव्या आवृत्तीत मास्तर कुठं ठेवले ते सांगा, मला सापडून नाही राहिले.”

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“ताई, मास्तर त्यात नाहीत.”

“म्हणजे?”

“काढले. सप्तरंगवाल्यांची अट आहे.”

सप्तरंग ही पुण्याची सॉफ्टवेअर कंपनी. तिनं ‘कानगोष्ट’ला पाठबळ द्यायचं ठरवलं, म्हणजे काय, तर मी एक वर्ष कॉलेजातून बिनपगारी रजा घ्यायची, पूर्ण वेळ हेच काम करायचं आणि माझा पगार कंपनीनं द्यायचा. नऊ वर्षं रविवारचा सरदार असलेल्या माणसाला कोणी आठवड्याचे सातही वार देऊ केले तर तो काय म्हणेल? मी हुरळून गेलो. मंजुळेचा आवाजही कंपनीनंच एका नामवंत निवेदिकेकडून बसवून घेतला होता. अट एकच होती: एक सॉफ्टवेअर, एक आवाज. दोन आवाजांची डागडुजी करायला त्यांची तयारी नव्हती. मास्तर जुने, दर नव्या संगणकावर आजारी पडणारे. त्यांना निवृत्त करा.

“आणि तुम्ही हो म्हटलं,” रंजनाताई म्हणाल्या.

“सही केली.”

“कधी?”

“मार्चमध्ये.”

“आणि आम्हाला ऐकवलं जूनमध्ये. म्हणजे लग्न लागल्यावर मुलगी दाखवली.”

मी म्हणालो, जुनी आवृत्ती तर आहेच, ती कुठं पळून जाते. त्या म्हणाल्या, पुढच्या महिन्यात केंद्रात नवे संगणक येणार आहेत आणि जुनी आवृत्ती त्यांच्यावर सुरूच होत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंय. मग मी शेवटचं अस्त्र काढलं. सगळं मोकळंच आहे, म्हणालो, कुणीही मास्तरांना घेऊन दुरुस्त करू शकतं, कुणाला मनाई नाही.

“विहीर सगळ्यांची आहे जी,” त्या म्हणाल्या, “पण दोर-बादली तुमच्या एकट्याच्या हातात आहे. आणि तुम्ही ती पुण्याला देऊन बसले.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मला माझीच लाज वाटली. रेकॉर्डिंग पाठवून मी सात कानांची परीक्षा घेतली नव्हती, ती टाळली होती. गोड आवाज गोड वाटणारच, आणि ‘वा’ म्हणजे ‘हो’ असं मी सोयीनं धरलं होतं. नियम मोडला आणि वर तो पाळल्याचा कागद करून ठेवला.

“शनिवारी तुम्ही याल ना?” मी विचारलं.

“येऊ ना. सातही येऊन राहिले. गुरुजी यवतमाळहून एसटीनं निघाले पण असतील, त्यांना लवकर पोचायची सवय आहे. पहिल्या रांगेत बसवणार म्हणे आम्हाला. पाहुण्यांना दिसायला.”

फोन ठेवला. भाजी गार झाली होती. बायकोनं विचारलं काय झालं, तर मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग आता काय करणार?” मी म्हणालो, माहीत नाही. ती म्हणाली, “तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला ते आवडलेलं नाही, एवढंच.” या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

शुक्रवारी दुपारी सप्तरंगचे शिरीष केंभावी आले. हे कंपनीत आमचं काम पाहायचे. पन्नाशीचा, नेटका, कमी बोलणारा माणूस. त्यांना दुष्ट म्हणता आलं असतं तर माझी गोष्ट सोपी झाली असती, पण तसे ते नव्हते. स्टेशनवर उतरल्या उतरल्या त्यांनी पहिलं काय विचारलं, तर सातांपैकी बाहेरगावच्यांची राहण्याची सोय नीट झाली का.

मी त्यांना हॉटेलवर न नेता सरळ तक्रार केंद्रावर नेलं. वाटेत रिक्षात सांगून टाकलं, “साहेब, फक्त मंजुळा असलेली आवृत्ती मी उद्या बाहेर काढणार नाही.”

“करार मोडताय?” त्यांनी विचारलं.

“हो. उरलेलं वर्ष मला देऊ नका. सोमवारपासून मी कॉलेजात जातो. मास्तरांना रविवारी सांभाळीन, जमेल तसं.”

“काळमेघ, आम्ही पुण्यात दोनशे लोकांना दोन्ही आवाज ऐकवले. एकशे नव्वद जणांनी मंजुळा निवडली.”

“त्यातले डोळस किती?”

केंभावींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “सगळे,” ते म्हणाले.

केंद्रात बारा टेबलं होती आणि सगळीकडे फोन वाजत होते. रंजनाताई कोपऱ्यात बसल्या होत्या. मी ओळख करून दिली. त्यांनी हाताची बोटं कळफलकावर तशीच ठेवून नमस्कार म्हटला आणि डाव्या कानातलं यंत्र काढून पुढे केलं. “घ्या साहेब, लावा. फोन येतोच आहे.”

केंभावींनी ते कानात घातलं. दुसरं एक रंजनाताईंनी स्वतःच्या कानात घातलं आणि फोन घेतला. मला फक्त त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं.

“बोला काकाजी. चांदूर बाजार का? नंबर सांगा. हो. हो. काकाजी, ओरडू नका, मला ऐकू येते चांगलं, दिसत तेवढं नाही. तुमच्या ट्रान्सफॉर्मरची तक्रार सकाळी सव्वानऊलाच नोंदवली आहे, तुमच्या शेजारच्या गावंड्यांनी. लाइनमन निघाले आहेत. मागच्या महिन्यात पण तीच डीपी गेली होती, म्हणून या वेळी बदलायलाच सांगते. नाही, नाही, उपकार कसले.”

फोन संपला. पावणेदोन मिनिटं लागली होती. केंभावींनी यंत्र कानातून काढून हातात धरलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

“यात काहीतरी बिघाड आहे का? नुसती घरघर येत होती.”

“ते मास्तर होते,” रंजनाताई म्हणाल्या. “सहा जुन्या तक्रारी वाचल्या त्यांनी तेवढ्यात. काकाजी अजून नंबरच सांगत होते तेव्हा. आता थांबा, मंजुळाबाईंना लावते. त्याच वेगानं.”

त्यांनी दोन बटणं दाबली. केंभावींनी पुन्हा ऐकलं. त्यांच्या कपाळावर आठी आली.

“काय म्हणाल्या?” रंजनाताईंनी विचारलं.

“नाही कळलं.”

“मला पण नाही. हाच फरक आहे पाहा, साहेब. मास्तरांचं तुम्हाला कळत नाही, पण मला कळतं. मंजुळाबाईंचं दोघांनाही कळत नाही.”

शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हसू आवरेना. केंभावी मात्र हसले नाहीत. ते खुर्ची ओढून बसले.

“वेग कमी केला तर?”

“तर कळतं की. घरी मी मंजुळाबाईंकडून कादंबरी वाचून घेईन, खरंच घेईन, फार जीव लावून वाचतात त्या. पण इथं तेवढा वेळ लागला तर तिकडे काकाजी हॅलो हॅलो करत बसतील. तीन मिनिटांचे पाच झाले की दोन महिन्यांनी आम्ही चौघी घरी. साहेब लोक म्हणतील, पाहा, आम्ही संधी दिली होती, यांना जमलं नाही.” मग त्या माझ्या दिशेनं वळल्या. “सरांना हे माहीत होतं. सांगायला लाजले असतील.”

“लाजलो नाही,” मी म्हणालो. “लोभ सुटला. वर्षभर हेच काम करायला मिळणार होतं, म्हणून तुम्हाला न विचारता सही केली. चुकलंच माझं.”

“बरं,” रंजनाताई म्हणाल्या, आणि पुढचा फोन घेतला. माफ केलं की नाही, त्याचा अंदाज येईना.

बाहेर आल्यावर केंभावी पायऱ्यांवरच उभे राहून फोनवर बोलू लागले. मी रिक्षात बसून होतो. अर्धा तास झाला, रिक्षावाल्यानं दोनदा माझ्याकडे पाहिलं. केंभावी बोलत कमी होते, ऐकत जास्त होते, आणि मधूनच त्या दाराकडे हात करत होते, पलीकडच्या माणसाला ते दिसत असल्यासारखा. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, “सही माझी नाही, वरच्यांची आहे. उद्या कार्यक्रम होऊ द्या. तुमचा लॅपटॉप सकाळी अर्धा तास मला द्या. प्रात्यक्षिक मी करतो.”

“मंजुळेचं?”

“ते माझ्यावर सोडा.”

मला वाटलं, संपलं. कंपनी म्हणजे कंपनी. हा भला माणूस उद्या मंजुळेला सावकाश बोलायला लावील, टाळ्या पडतील, आणि सोमवारी मी हजेरीपटावर सही करीन. पण खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी सहा महिन्यांत जेवलो नव्हतो इतका पोटभर जेवलो.

शनिवारी टाउन हॉल अर्ध्याच्या वर भरला होता. आमच्या प्राचार्यांनी अर्धा तास भाषण केलं, त्यात माझा उल्लेख ‘आमचेच’ असा चार वेळा केला. पहिल्या रांगेत आमचे सात जण ओळीनं बसले होते. गुरुजींनी नवा झब्बा घातला होता. टोकाला रंजनाताई. मी व्यासपीठावर, हात मांडीवर ठेवून, फोटोला बसवल्यासारखा.

केंभावी उठले. भाषण केलं नाही. माइक लॅपटॉपजवळ नेला आणि म्हणाले, “आवाज ऐका.” त्यांनी बटण दाबलं.

सभागृहभर घरघर पसरली. पिठाच्या गिरणीत दगड पडावा तशी. प्राचार्य माझ्या कानाशी वाकले. “बिघडलं की काय हो?” मलाही तेच वाटलं. मागच्या रांगांतली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मी उठायला निघालो, तर केंभावींनी हातानंच बसा म्हटलं.

आणि पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

त्या रंजनाताई होत्या. मग वकिलीचा पोरगा हसला. मग गुरुजींनी मांडीवर थाप मारली आणि बघता बघता सातही जण खदखदून हसत होते. घरघर वीस सेकंदं चालली असेल. ती थांबल्यावर सात जणांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. गुरुजी तर उभेच राहिले. बाकीच्या सभागृहानं, काय झालं ते न कळता, शिष्टाचार म्हणून टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनीही वाजवल्या. मीही.

केंभावी खाली बसले. मी त्यांना विचारलं, काय होतं ते? ते म्हणाले, “तुम्हीच बनवलंय ना? मग?” आणि पाणी प्यायले.

मी नऊ वर्षं त्या आवाजाची एकेक फट बुजवली होती. तो काय म्हणाला हे कळणारे सभागृहात सातच जण होते, आणि त्यांत मी नव्हतो. आभारप्रदर्शन चालू असतानाच मी व्यासपीठावरून उतरलो आणि पहिल्या रांगेसमोर उकिडवा बसलो.

“ताई, काय म्हणाले मास्तर?”

“नाही कळलं?” रंजनाताईंचे डोळे हसून पाणावले होते. “किती सावकाश बोलले हो.”

“सांगा ना.”

त्यांनी मला थोडं ताटकळत ठेवलं. तेवढा त्यांचा हक्कच होता. मग त्या सांगू लागल्या, माझ्या वेगानं, एकेक वाक्य सुटं करून.

“म्हणाले, नमस्कार, मी मास्तर. सप्तरंगवाल्यांनी मला काढायचं ठरवलं होतं. काल त्यांचे एक साहेब पावणेदोन मिनिटं माझ्या वर्गात बसले आणि त्यांना शून्य गुण मिळाले. तेव्हा त्यांनी वर कळवलं, की नापास झालेल्यानं मास्तरला काढू नये. मंजुळाबाई कादंबऱ्या वाचतील, मी कामाचं वाचीन. दोघांचाही सांभाळ कंपनी करील. काळमेघ सरांची रजा तशीच चालू राहील. आणि यापुढे करारावर कंपनीच्या आधी तुम्हा सातांच्या सह्या लागतील.”

मी तिथंच, सगळ्या सभेकडे पाठ करून, जमिनीवर बसलो. किती बरं वाटलं ते सांगू शकत नाही. नोकरी राहिली म्हणून तर वाटलंच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त हे वाटलं, की एका माणसाला न ऐकू आलेली गोष्ट पटली होती. आज याला बारा वर्षं झाली. रंजनाताई त्या केंद्रात आता नव्या मुलींना शिकवतात.

“पण मग हसलात कशाला इतक्या?” त्या दिवशी जमिनीवर बसल्या बसल्या मी विचारलं.

“ते शेवटचं होतं ना. म्हणाले, हे सगळं काळमेघ सरांना अजून माहीत नाही. त्यांचा चेहरा या क्षणी बघण्यासारखा झालेला आहे. तेवढं मात्र तुम्हाला त्यांच्याकडूनच ऐकावं लागेल.”

गुरुजींनी मान पुढे काढली. वकिलीचा पोरगा सरकून जवळ आला. सातही जण माझ्या दिशेनं कान देऊन बसले.

“मग सांगा ना सर,” रंजनाताई म्हणाल्या. “कसा झाला होता?”

मी सांगू लागलो. या खेपेला काहीही गाळलं नाही.